बोलीबेग आणि आखरटोला

धाकट्या बहिणीचं ते पत्र आलं त्या दिवशी मी बाबूजींसाठी चोवीस नवी नावं घेऊन चालले होते. तेव्हा मी बालाघाटच्या एका सरकारी शाळेत शिकवत होते. पाचवीच्या मुलांना मी अभ्यास दिला होता, की तुमच्या टोल्याचं, म्हणजे वस्तीचं नाव कसं पडलं ते घरी विचारून या. मुलांनी खरंच विचारून आणलं. कुणी वहीच्या पानावर, कुणी बिडीच्या बंडलाच्या कागदावर लिहून आणलं. शाळा सुटल्यावर ते सगळे कागद पर्समध्ये घालून मी लूना थेट बाबूजींच्या फाटकाशी उभी केली.

ते व्हरांड्यात बसले होते. चष्मा कपाळावर सरकवलेला, हातात परदेशी टपालाचं पाकीट. मी कागद पुढे केले.

"ठेव तिथं," ते म्हणाले. "आधी हे ऐक. धाकटीनं काय लिहिलं पाहा."

माझे कागद त्यांनी त्या दिवशी पाहिलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आईनं ते पाटाखालून उचलून ठेवले.

बाबूजी जमिनीच्या मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. आधी पटवारी, मग पटवाऱ्यांवरचा आर.आय. कटंगीच्या धानाच्या बांध्यांपासून बैहरच्या डोंगरापर्यंत अर्धा जिल्हा त्यांनी पायी मोजला होता. निवृत्तीनंतर लोक शेती बघतात, देवळात जाऊन बसतात. बाबूजींनी एक जाड बांधणीचं रजिस्टर आणलं आणि त्यात नावं उतरवायला घेतली. गावांची, टोल्यांची, नाल्यांची, एकेका शेताचीसुद्धा. नाव कशावरून पडलं, कुणी सांगितलं, कुठे शंका आहे, सगळं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की नाव ठेवणारा माणूस तिथं काहीतरी काम करायला आलेला असतो. कागदावर लिहिणारा फार मागून येतो, आणि त्याला ते काम माहीत नसतं.

या उद्योगात त्यांची जोडीदार मी होते. माझे यजमान भरवेलीच्या खाणीत नोकरीला, त्यामुळे आमचं क्वार्टर तिथल्या कॉलनीत, पण शनिवार-रविवार मी माहेरीच असायची. बाबूजींच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. ते कच्चं लिहीत, मी रजिस्टरात पक्कं उतरवत असे. सहा वर्षं त्या रजिस्टरातलं जवळजवळ प्रत्येक अक्षर माझं होतं. धाकटीला या नावांचं काही नव्हतं. लहानपणी बाबूजी जेवताना एखाद्या गावाची गोष्ट सांगू लागले, की ती ताटावरच पेंगायची. नागपूरला नर्सिंग केलं, तिथंच नोकरी लागली, आणि दोन हजार साल उलटल्यावर आयर्लंडच्या हॉस्पिटलात माणसं हवीत म्हणून तिची निवड झाली. ती गेली तेव्हा बाबूजी रडले. मी रडले नाही. आता बाबूजी माझ्या एकटीच्या वाट्याला येतील असं माझ्या मनात कुठेतरी आलं होतं, हे आज लिहायला हरकत नाही.

तर ते पत्र. बाबूजींनी मला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. धाकटीनं लिहिलं होतं:

"मी राहते त्या भागाचं नाव बोलीबेग. पहिल्या दिवशी पाटीवर वाचलं तेव्हा मला वाटलं, कुण्या बेग नावाच्या मोगल सरदाराचं गाव असेल. आमच्या वॉर्डात एक म्हातारे पेशंट आहेत. त्यांनी सांगितलं, की बोली म्हणजे मूळ त्यांच्या भाषेतलं बुआल्ये. उन्हाळ्यात गुरं डोंगरावर नेऊन ठेवायची जागा. बेग म्हणजे लहान. मे महिना लागला, की गावातल्या मुली आणि बायका गुरं घेऊन वर जायच्या. दगडमातीच्या झोपड्यांत राहायच्या, दूध काढायच्या, लोणी करायच्या. थंडी लागली की खाली यायच्या. या आजोबांची आजी लहानपणी जात असे. आता कुणी जात नाही, पण नावं जागोजाग आहेत. कुठे बोली, कुठे बूला. नॉकनाबोली म्हणून एक ठिकाण आहे, म्हणजे त्या गुरांच्या जागेची टेकडी. इंग्रज मोजणीदार आले आणि त्यांनी कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहून टाकलं. म्हणून आता तिथं राहणाऱ्यालाही नाव वाचून अर्थ कळत नाही. बाबूजी, तुमची फार आठवण आली."

सोबत त्या पाटीचा फोटो होता. वर त्यांच्या भाषेत तिरक्या अक्षरांत, खाली इंग्रजीत. मागे हिरवं कुरण आणि दगडांचा बुटका बांध.

"मोजणीदार," बाबूजी म्हणाले. "पाहा, तिथंही मोजणीदारानंच घोळ केला." ते कितीतरी दिवसांनी असे हसत होते. "गुरं जमवायची जागा म्हणजे आपलं आखरच झालं की. बोलीबेग म्हणजे धाकटं आखर. अन् आपली धाकटी बरोबर तिथंच जाऊन राह्यली."

त्यांनी तो फोटो दर्शनी कपाटाच्या काचेत खोचला. तिथं आधीच माझा बी.एड.चा फोटो होता. पाटीचा कोपरा माझ्या खांद्यावर आला.

हेवा म्हणजे काय हे मला त्या आठवड्यात नीट कळलं. तो मनात असतो असं म्हणतात, मला तो घशाखाली जाणवायचा, गरम चहा घाईनं गिळल्यासारखा. सहा वर्षांत मी हजारभर नावं उतरवली होती. त्यांच्यासाठी उन्हातान्हात लूनावरून फिरले होते. आणि हिनं सातासमुद्रापलीकडून एक नाव पाठवलं, तेही कुणीतरी सांगितलेलं, तर घरात दुसरा विषय नव्हता. दूधवाल्यालाही त्यांनी बोलीबेग सांगितलं. येईल त्याला फोटो दाखवत होते.

मी आईला म्हटलं, "एवढं काय आहे त्यात?"

आई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, "तुले काहून जळते? ती तिथं एकटी आहे."

"मी काय म्हटलं?"

"काही नाई म्हटलं," आई म्हणाली आणि पाखडत राहिली.

आठ-दहा दिवसांनी बाबूजींनी रजिस्टर काढलं आणि एक पान माझ्यापुढे धरलं. आखरटोला. लामत्याच्या वर डोंगरात, दादरावर. आमच्याकडे डोंगराच्या सपाट, गवताळ माथ्याला दादर म्हणतात. त्या नोंदीपुढे माझ्याच अक्षरात प्रश्नचिन्ह होतं. विदर्भाकडे आणि आमच्या सरहद्दीच्या गावांत सकाळी गावची गुरं जिथं जमतात त्या जागेला आखर म्हणतात, म्हणून बाबूजींचा कल तिकडे होता. पण ते गाव हिंदी बोलणारं, आणि तिकडच्या हिंदीत आखर म्हणजे अक्षर. साक्षरतेची मोहीम आली होती तेव्हा कुणीतरी तिथं 'अक्षरटोला' असा बोर्डही लावून टाकला होता. मीही तेव्हा अक्षराच्याच बाजूनं होते. शिवाय बाबूजींना आणखी एक अडचण वाटत होती. आखर गावाच्या वेशीवर असतं. डोंगराच्या माथ्यावर, जिथं गावच नव्हतं, तिथं आखर कशाला?

"आता समजलं," ते म्हणाले. "उन्हाळ्याचं आखर असन ते. खालची गुरं वर नेत असतीन. धाकटीच्या पत्रानं डोक्यात उजेड पडला. आपण जाऊन विचारू."

मी दोन दिवसांची सी.एल. टाकली. फेब्रुवारीचे दिवस होते. छोट्या लाइनच्या गाडीनं लामत्यापर्यंत गेलो. गाडी एवढी हळू चालायची, की बाबूजी खिडकीतून एकेका नाल्याचं नाव सांगत होते आणि नाला मागे पडायच्या आत त्याची हकीकतही पुरी होत होती. लामत्याहून जीपमध्ये दाटीवाटीनं घाटाच्या पायथ्याशी, आणि तिथून पायी. चढ फार नव्हता, पण बाबूजींची छाती भरून येत होती. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून चालले. दर थोड्या वेळानं त्यांना दगडावर बसवायची, पाणी द्यायची. ते बसल्या बसल्या म्हणायचे, "धाकटी असती तर तिले दाखवलं असतं." तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी छत्री मिटली आणि पुढे निघाले. शंभर पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा उघडली.

वर तीस-पस्तीस घरांचा टोला. बोर्ड होता, अक्षरटोला, निळ्यावर पांढरा. शाळेजवळ एक म्हातारी महुआच्या झाडाखाली पानं झाडत होती. फुलं पडायला लागण्याआधी खालची जमीन साफ करतात, ते काम. वय ऐंशीच्या पुढे असावं. बाबूजी तिच्याजवळ गेले, पण ती त्यांच्याशी बोलेना. परका पुरुष, तोही कागदपत्रांवाला दिसणारा. जमिनीची चौकशी करायला आले असं तिला वाटलं असावं. बाबूजी मागे सरकले आणि मी तिच्याशेजारी बसून पानं गोळा करू लागले. पाच-दहा मिनिटांत आम्ही दोघींनी पानांचा एक ढीग केला. मग तिनं विचारलं, "मास्तरीण आहेस?"

"हौ."

"हात चालतात तुझे."

मग मी विचारलं, की या टोल्याला आखरटोला काहून म्हणतात. तिची बोली अर्धी मराठी, अर्धी तिकडची हिंदी होती. ती म्हणाली, "टोला नंतर बसला. आधी इथं निस्तं आखरच होतं. आमी होळी झाली का वर येत होतो. खालच्या सात गावची गुरं. खाली पाणी आटे, गवत जळे. इथं दादरावर गवत राहे अन् झिऱ्याले पाणी."

"आमी म्हणजे कोण?"

"पोरी अन् बुढ्या. बापे खाली घरावरचे कवेलू फेरत, लग्नं निपटवत. दोन गायकी राहत संगं गुरं वळाले, बाकी आमीच. मी नऊ वर्षांची होतो तवापासून येऊन राह्यलो. दूध काढा, दही लावा, तूप कढवा. तूप मडक्यात भरून झिऱ्यातल्या गारव्याले ठेवत होतो. मृग लागला का मडके डोक्यावर घेऊन खाली."

बाबूजी थोड्या अंतरावर उभे राहून ऐकत होते. मी विचारत होते आणि म्हातारी मला सांगत होती. खालचं विरजण वर नेलं तर ते फाटतं, म्हणून वर आल्यावर मिरचीच्या देठांनी नव्यानं दही लावायचं. सगळ्यात मोठी मुलगी झोपडीच्या दाराशी निजायची, कारण वाघाची भीती. तिनं मला ती जागाही दाखवली. गुडघ्याएवढे दगड गोलाकार रचलेले, मध्ये गवत माजलेलं. बाबूजींनी त्या दगडांवर हात ठेवला.

मला वाटलं, आता ते मला काहीतरी म्हणतील. सहा वर्षांचं प्रश्नचिन्ह माझ्या विचारण्यानं पुसलं गेलं होतं. ते म्हणाले, "धाकटीले हे सगळं लिहिलं पाहिजे. तिकडेही पोरीच जात होत्या. तिनंच लिहिलं होतं ना."

परतीच्या गाडीत मी डोळे मिटून बसले. त्यांना वाटलं मी दमले.

पुढचे तीन दिवस ते पत्र लिहीत होते. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. नको म्हणाले. "रजिस्टर तू लिहायचं. पत्र ज्याचं त्यानं लिहावं." पाच पानं झाली. पाकीट चिकटवून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि मोठ्या पोस्टात वजन करून टाक म्हणाले. मी पोस्टापर्यंत गेले. लूना स्टँडवर लावली. पायऱ्यांवर उभी राहिले, आणि तशीच परत आले. पाकीट पर्समध्येच होतं. त्या दिवशी मी ठरवून काही केलं असं नाही. उद्या टाकू, एवढंच मनात होतं. दुसऱ्या दिवशीही टाकलं नाही.

चौथ्या दिवशी मी ते शाळेत मधल्या सुट्टीत उघडलं. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. त्यात माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला बघायचं होतं. मी पाचही पानं वाचली. वाकडीतिकडी, पण फार सुंदर लिहिली होती. गाडीतून दिसलेले नाले होते, महुआचं झाड होतं, दगडांची गोल रांग होती, म्हातारीच्या हातावरच्या गोंदणाचं वर्णन होतं. 'मी परवा आखरटोल्याला जाऊन आलो,' अशी सुरुवात होती. 'मी म्हातारीला विचारलं.' 'म्हातारीनं मला सांगितलं.' माझा उल्लेख कुठेच नव्हता. छत्रीचा नव्हता, पानं झाडण्याचा नव्हता. शेवटी लिहिलं होतं, 'तुझ्या एका पत्रानं माझं सहा वर्षांचं कोडं सुटलं, बेटा.'

मी पानं परत पाकिटात घातली आणि पाकीट शाळेच्या कपाटात जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे ठेवून दिलं.

बाबूजी उत्तराची वाट बघू लागले. टपाल जायला आठ दिवस, यायला आठ दिवस, असा त्यांचा हिशेब. पंधरा दिवस झाल्यावर ते दुपारी फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागले. पोस्टमन दिसला की विचारायचे नाहीत, नुसते बघायचे. तो मान हलवून पुढे जायचा. मी शनिवारी गेले की ते म्हणायचे, "तिले वेळ मिळत नसन. नाइट ड्युट्या राहतात." त्यांनी धाकटीला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर कदाचित मला बरं वाटलं असतं.

महिन्याभरानं एका रविवारी धाकटीचा फोन आला. मी तिथंच होते. बाबूजींनी पहिला प्रश्न विचारला, "पत्र मिळालं?" मग ते बराच वेळ ऐकत राहिले. "नाही मिळालं? पाच पानांचं होतं. काही हरकत नाही. टपालात गहाळ झालं असन. मी पुन्हा लिहितो." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "तू वजन करून टाकलं होतं ना?"

मी म्हटलं, "हौ."

"मग तिकडेच गेलं कुठंतरी."

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. कपाट उघडून पाकीट आणून देणं एवढंच काम होतं. पण ते फोडलेलं होतं.

बाबूजी दुसऱ्यांदा लिहायला बसले. या वेळी हाताचा कंप वाढला होता आणि उन्हाळा लागला होता. दोन ओळी लिहिल्या की थांबत, मनगट चोळत. पहिल्या पत्रातलं त्यांना आठवेना. मी समोर बसून मुलांच्या वह्या तपासत असल्याचं दाखवत होते.

"म्हातारी दह्याचं काय म्हणाली होती?" त्यांनी विचारलं.

"खालचं विरजण वर फाटतं. मिरचीच्या देठांनी नवं लावायचं."

"अन् दाराशी कोण झोपत होतं?"

"सगळ्यात मोठी मुलगी."

"बरोबर." ते लिहीत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "तुले सगळं याद आहे. म्हातारी तुझ्याशीच बोलली होती ना. मी तर दूर उभा होतो."

दीड पान झालं. या वेळी त्यांनी पाकीट बंद न करताच माझ्याकडे दिलं, "नजर फिरव, काही चुकलं तर सांग" म्हणून. त्यात लिहिलं होतं, 'हे सगळं ताईला विचारून लिहितो आहे. ती होती म्हणून म्हातारी बोलली.' मला हवं होतं ते वाक्य मला मिळालं होतं. ते कसं मिळालं हे फक्त मला माहीत होतं, त्यामुळे त्याचा घोटभरही आनंद झाला नाही. त्याच दुपारी मी पत्र पोस्टात टाकलं. पेटीत पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबले.

धाकटीचं उत्तर आलं. तिनं ते पत्र वॉर्डातल्या आजोबांना समजावून सांगितलं होतं. झिऱ्यातल्या तुपाचं ऐकून ते म्हणाले होते, की आमच्याकडे लोण्याची मडकी दलदलीत पुरून ठेवत, आणि विसरलेली मडकी अजूनही कधीमधी सापडतात. बाबूजी ते वाचून आठवडाभर खूश होते. मी त्यांच्या सांगण्यावरून रजिस्टरातल्या आखरटोल्यापुढचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि खाली दलदलीतल्या लोण्याची ओळ लिहिली. ती ओळ लिहितानाही घशाखाली ते गरम होतंच.

त्यानंतर दोन वर्षांनी पोळ्याच्या सुमारास बाबूजी गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतं म्हणाले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. धाकटी पाचव्या दिवशी पोचली. बारीक झाली होती, केस कापले होते. तेरवीपर्यंत आम्ही दोघींनी खांद्याला खांदा लावून काम केलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला तिचा राग आला नाही. ती रात्रीच्या पाळ्यांची सवय असल्यामुळे सगळ्यांच्या आधी उठायची आणि मी उठेपर्यंत अंगण झाडून झालेलं असायचं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्वयंपाकघरात भांडी मोजून परत द्यायची वेगळी करत होतो. ती म्हणाली, "ताई, रजिस्टर मी घेऊन जाऊ का? तिथं युनिव्हर्सिटीत एक बाई अशा नावांचंच काम करते. मी तिला बाबूजींबद्दल सांगितलंय. तिला फार बघायचंय."

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. "तुला वाचता तरी येईल का त्यातलं? कुठला टोला कुठं आहे हे माहीत आहे तुला?"

"नाही. म्हणूनच तर..."

"सहा वर्षं, आठ वर्षं मी लिहिलंय ते. तू एक पत्र लिहिलंस."

"मी कुठे म्हणते की मी लिहिलं?"

मी उठले. शाळेच्या कपाटातून ते पाकीट मी केव्हाच घरी आणून ठेवलं होतं, माझ्या साड्यांच्या पेटीत, आणि ती पेटी त्या दिवसांत इथंच होती. मी ते आणलं आणि तिच्यासमोर ओट्यावर ठेवलं. "हे घे. हे तुझं आहे. रजिस्टर माझं आहे."

कबुली देताना माणसाला हलकं वाटतं म्हणतात. मी कबुली देत नव्हते, मी वाटणी करत होते.

तिनं पाकिटावरचा आपला पत्ता बघितला, बाबूजींचं अक्षर बघितलं, आणि तिथंच उभी राहून पाचही पानं वाचली. मग तारीख बघितली. "हे ते हरवलेलं पत्र आहे?"

"हौ."

"तू टाकलंच नाहीस."

"नाही."

"दुसरं लिहिताना त्यांचा हात चालत नव्हता. अक्षर बघून मी तिथं रडले होते, ताई."

ती ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिनं पानं घडीवर घडी घालून परत ठेवली आणि म्हणाली, "मीसुद्धा असंच केलं असतं, असं मी म्हणणार नाही. मी नसतं केलं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. कामापुरतंही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच कुठेतरी गेली आणि संध्याकाळी उशिरा धुळीनं भरून परत आली. आखरटोल्याला जाऊन आली होती. म्हातारी वारली होती. दगड तिला सापडले नाहीत, कारण पावसानंतरचं गवत कमरेएवढं वाढलं होतं, आणि विचारायचं कुणाला हे तिला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी आई आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसली. आम्ही काही सांगितलं नव्हतं. ती धाकटीला म्हणाली, "मले तवाच मालूम होतं. बाबूजीनं पत्र दिलं तर ही पोस्टात गेली अन् पाच मिनिटांत आली. मोठ्या पोस्टात वजन करून पाच मिनिटांत कोणी येते का?"

"मग तू बोलली नाहीस?" धाकटीनं विचारलं.

"काय बोलू? त्याईले सांगतलं असतं तर त्याईनं हिले रजिस्टराले हात लावू दिला नसता. अन् मग ही इथं आली नसती." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू तिकडे, ही भरवेलीले. मले कोण होतं?"

आईच्या वाट्याचं कुणी काही मोजलंच नव्हतं.

धाकटी परत जायच्या आधी दोन सकाळी आम्ही व्हरांड्यात रजिस्टर उघडून बसलो. ते नेण्याचं तिनं पुन्हा काढलं नाही. गुरांवरून पडलेली नावं तेवढी मी तिला वाचून दाखवली, आणि ती नकाशावर खुणा करत गेली. गायखुरी, चरेगाव, गोठाणाची पाच-सहा, गुरं कोंडायच्या खिरक्याची तीन. काहींचा अर्थ पक्का नव्हता, तिथं मी तसं सांगितलं. मधेच तिनं विचारलं, "हे तुला सगळं पाठ आहे?" मी म्हटलं, बरंचसं. पुढचं नाव लिहिताना तिनं माझ्याकडून एकेक अक्षर नीट विचारून घेतलं. पहिलं पत्र ती घेऊन गेली. मला त्याबद्दल तिनं माफ केलं का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढे रविवारचे फोन चालू राहिले. आधी आईशी बोलायची, मग म्हणायची, ताई असेल तर दे. त्या युनिव्हर्सिटीतल्या बाईचे प्रश्न ती मला विचारायची. एखाद्याचं उत्तर मला माहीत नसलं, तर मी शनिवारी लूना काढून त्या बाजूला जाऊन यायची आणि पुढच्या रविवारी सांगायची. एकदा ती म्हणाली, की ती आणि ती बाई दिवसभर डोंगरात फिरून आल्या, जुन्या झोपड्यांच्या दगडांच्या रांगा शोधत. पाऊस होता, दोघी भिजल्या, आणि खूप हसल्या. ऐकताना मला त्या न पाहिलेल्या बाईचाही हेवा वाटला. मी धाकटीला म्हटलं, "ते दगड गोल रचलेत की चौकोनी, ते सांग." ती म्हणाली थांब, कागद आणते, आणि मोजमापासकट सांगू लागली. मी उतरवून घेतलं.